इंग्रजी कवितेतले शब्द आणि अलंकार: वर्गात कुठल्या क्रमाने शिकवायचे आणि पोरं कुठं घसरतात

गेल्या वर्षीच्या सहामाहीला दहावीचे पेपर तपासत बसले होते. प्रश्न साधा होता, दिलेल्या ओळीतला अलंकार ओळखा आणि कारण लिहा. एका पोरानं लिहिलेलं "स्माइल". म्हणजे सिमिली. स्पेलिंगचं एक वेळ सोडून दिलं असतं, पण खाली कारण होतं, "ओळीत ॲज आलाय". ओळ होती "आय वेटेड ॲज द बस वॉज लेट". बसला उशीर झाला म्हणून थांबलो, यात कसली आलीय उपमा! गठ्ठ्यात अशी अकरा पोरं निघाली आणि अकराही जणांना शिकवणारी मीच.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी मी काय करायचे, फळ्यावर अलंकाराचं नाव, खाली व्याख्या, खाली दोन उदाहरणं, मग कविता, आणि शब्दार्थ मधल्या वेळेत वहीत उतरवून घ्यायचे. आता बरोबर उलटं करते. शब्द आधी, मग सरळ अर्थ, मग चित्र, मग ओळ अशी का लिहिली ते, आणि अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी. शाळा सांगली जिल्ह्यातली, मराठी माध्यम, वर्गात चाळीसच्या वर पोरं, तास ३५ मिनिटांचा. एका कवितेला ५ तास धरा. सेमीच्या वर्गालाही हेच चालतं.

आदल्या रात्रीची तयारी

ही टाळली तर पुढचं काहीच नीट होत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या दिवशी पुस्तकातली कविता उघडूच नका. तिची उत्तरं गाईडमध्ये तयार असतात, पोरं बाकाखाली पान उघडून बसतात आणि तुम्ही प्रश्न विचारला रे विचारला की गाईडची भाषा ऐकू येते. चार ओळी स्वतः जुळवा. कविता म्हणून भारी नसल्या तरी चालेल, फक्त पोरांच्या डोळ्यासमोरच्या हव्यात. माझ्या ह्या आहेत, हव्या तर घ्या. फळ्यावर अर्थातच रोमन लिपीत लिहायच्या:

द टायर्ड रिव्हर ड्रॅग्ड इट्स फीट,
पास्ट पंप अँड पाइप इन द एप्रिल हीट;
इट्स बँक्स वेअर क्रॅक्ड लाइक अ फार्मर्स हील,
द स्काय वॉज अ प्लेट ऑफ बीटन स्टील.

माझी एक मैत्रीण साताऱ्याकडं माण तालुक्यात शिकवते. तिनं नदी काढून विहीर घातली, कारण तिथल्या पोरांना एप्रिलमध्ये वाहणारी नदी कशी असते हेच आधी समजावून सांगावं लागलं असतं. तुमच्या गावाप्रमाणे बदला.

आता शब्दांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग, जे अडले तर ओळच कोसळते: ड्रॅग, क्रॅक्ड, हील, बीटन.

दुसरा ढीग सगळ्यात धोक्याचा. हे शब्द पोरांना येतात, पण दुसऱ्याच अर्थानं. बँक म्हटलं की त्यांना पीक कर्जाची बँक दिसते. प्लेट म्हटलं की पोह्यांची. पुढच्या कवितांत करंट येईल, तो त्यांना मोटरच्या स्टार्टरला बसणारा करंट वाटेल, नदीचा प्रवाह नाही. मिरज दवाखान्यांचं गाव, तिथल्या आसपासच्या पोरांना तर पेशंट हा शब्द जन्मापासून माहीत आहे, मग "पेशंट ऑक्स" वाचलं की बैल आजारी पडतो. इथं पेशंट म्हणजे सोशिक, हे सांगेपर्यंत अख्खी कविता जनावरांच्या दवाखान्यात गेलेली असते. ह्या ढिगातले शब्द पोरं विचारत नाहीत, कारण आपल्याला येतात असं त्यांना वाटतं, म्हणून ते आपणच शोधून ठेवायचे.

तिसरा ढीग, नुसता अर्थ सांगून पुढं जायचे शब्द. टायर्ड, पास्ट वगैरे.

एका कवितेला पहिल्या दोन ढिगांतले मिळून जास्तीत जास्त ८ शब्द. मी पूर्वी २५ द्यायचे, पोरांच्या वह्या भरायच्या आणि साहेब तपासणीला आले की बरं दिसायचं, एवढाच उपयोग.

शेवटचं, सगळे उच्चार फोनवर ऐकून घ्या. लाजायचं काय त्यात. सिमिलीला सिमाइल आणि हायपर्बलीला, म्हणजे अतिशयोक्तीला, हायपरबोल म्हणत मी स्वतः कितीतरी वर्षं शिकवलंय.

⚠ पाठाच्या टाचणात "पाच अलंकार" असं लिहू नका. एका कवितेत दोन अलंकार नीट घ्या. वरच्या चार ओळींत चार आहेत, पण मी चारही एका दमात कधीच घेत नाही.

टप्पा १: पुस्तकं बंद, नुसतं ऐकायचं (१० मिनिटं)

दोनदा वाचा, सावकाश. प्रश्न एकच: "काय दिसलं?" मराठीत सांगू द्या. "अर्थ काय?" असं चुकूनसुद्धा विचारू नका, ते विचारलं की वर्ग गप्प होतो आणि पहिल्या बाकावरचे तिघेच बोलत राहतात. काय दिसलं विचारलं तर मागचा पण बोलतो. "पंप दिसला मॅडम." बास, तेवढं पुरे.

टप्पा २: शब्द (उरलेला तास आणि दुसऱ्या दिवसाचा अर्धा)

प्रत्येक शब्द ह्याच क्रमाने घ्यायचा: आवाज, मराठी अर्थ, ह्या ओळीतला अर्थ, पोराचं स्वतःचं वाक्य.

आवाज आधी का, तर हील हा शब्द बघा. डबल ई असलेला हील म्हणजे टाच. ई-ए वाला हील म्हणजे जखम बरी होणं, उच्चार तोच. आणि आय वाला हिल म्हणजे टेकडी, उच्चार आखूड. मी हे न करता पुढं गेले तेव्हा एका मुलीनं तिसऱ्या ओळीचा अर्थ लिहिला, "नदीचे काठ शेतकऱ्याच्या टेकडीसारखे फुटले होते". तिची चूक म्हणता येत नाही, शेतकऱ्याची टेकडी असू शकते की.

मराठी अर्थ बिनधास्त सांगा. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही हे खूळ मी पण काही वर्षं पाळलं. क्रॅक्ड म्हणजे "ब्रोकन विदाउट सेपरेटिंग" असं पाच मिनिटं समजावण्यापेक्षा "भेगा पडलेलं" म्हणा, अर्ध्या सेकंदात काम होतं आणि वाचलेला वेळ वाक्यावर घालवता येतो. पण मराठी अर्थावर थांबू नका. ड्रॅग म्हणजे ओढणे, इथपर्यंत सगळे येतात. मग विचारा, विहिरीतून पाणी ओढतो त्याला ड्रॅग म्हणायचं का? नाही. जमिनीवरनं घासत ओढलं तर ड्रॅग. बाक ओढला तर आवाज येतो तो ड्रॅग. एका पोराला खरंच बाक ओढायला लावा, शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून जातील, जाऊ दे.

बीटनचं पण तसंच. बीट म्हणजे मारणे. मारलेलं स्टील? तर तांबट आळीत भांडं ठोकतात तसं ठोकून सपाट केलेलं. प्लेट म्हणजे इथं पत्रा. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजी मॅडम, शेडचा पत्रा दुपारचा तापतोय तसलं आभाळ व्हय!" पोराला मेटाफर (रूपक) हा शब्द माहीत नव्हता आणि मेटाफर पूर्ण कळला होता. मी नाव सांगितलं नाही, जीभ चावून गप्प बसले. तुम्ही पण गप्प बसा.

वहीत प्रत्येक शब्दाला चार ओळी. शब्द. मराठी अर्थ. कवितेतली ओळ. स्वतःचं वाक्य, आणि हे वाक्य घरातल्या, शेतातल्या नाहीतर शाळेतल्या खऱ्या गोष्टीचं हवं. "धिस इज अ हील" चालणार नाही. "माय मदर्स हील इज क्रॅक्ड इन विंटर" चालेल.

⚠ मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द वाक्यात वेगळे पकडा. "लाइट इज गॉन" असं पोर लिहितं, कारण घरी लाइट गेली असंच म्हणतात. तिथं पॉवर लिहायला सांगा. कुणाची "फॅमिली" गावाला गेलेली असते म्हणजे फक्त बायको गेलेली असते. हॉटेलात राहायला कोणी जात नाही, सगळे मिसळ खायला जातात. हे हसत हसत सांगायचं, लाल पेनानं नाही.

तपासणी: हजेरीच्या वेळी

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना "येस मॅडम" बंद. नंबर पुकारला की पोरानं काल झालेल्या शब्दांपैकी एक घालून छोटं वाक्य म्हणायचं. चाळीस-बेचाळीस पोरांना आठ-दहा मिनिटं लागतात, तेवढी द्या. पहिली दहा पोरं आखडतात, नंतरची ऐकून ऐकून सुधारतात, म्हणून एक दिवस शेवटच्या नंबरापासून सुरू करा आणि एक दिवस पहिल्यापासून.

वर्गातल्या निम्म्यांना शब्द वापरता आला नाही तर टप्पा ३ वर जायचं नाही. पोर्शन मागे पडतो, मुख्याध्यापक विचारतात, सगळं मान्य. पण टाच माहीत नसलेल्या पोराला टाचेची उपमा शिकवून काय मिळणार.

टप्पा ३: "खरंच?" (दुसऱ्या दिवसाचा उरलेला अर्धा)

आता ओळ घ्या आणि एकच प्रश्न विचारा: खरंच?

द टायर्ड रिव्हर ड्रॅग्ड इट्स फीट. नदीला पाय असतात? नाही. नदी दमते? नाही. मग कवी खोटं बोलतोय का? इथं वर्ग पेटतो. एक म्हणतो खोटं, दुसरा म्हणतो तसं नव्हं. भांडू द्या थोडं.

द स्काय वॉज अ प्लेट. आभाळ पत्रा आहे? नाही.

इट्स बँक्स वेअर क्रॅक्ड. काठाला भेगा असतात? हो, खरंच असतात. मग ह्या ओळीत कवीनं वेगळं काय केलं? टाचेशी जुळवलं.

पास्ट पंप अँड पाइप. नदी पंपाजवळून जाते? जाते. सगळं खरं. म्हणजे इथं गंमत अर्थात नाही, आवाजात आहे. ही ओळ परत मोठ्यानं म्हणायला लावा.

ह्या एका प्रश्नानं पोरांच्या लक्षात येतं की काही ओळी सरळ वाचल्या तर अशक्य आहेत, काहींत दोन गोष्टी शेजारी ठेवल्यात आणि काहींत नुसता नाद आहे. अलंकारांचे तीन गट झाले, एकही व्याख्या न सांगता.

टप्पा ४: ओळ साधी करून बघा (तिसरा तास)

फळ्यावर डावीकडे कवितेची ओळ, उजवीकडे तीच गोष्ट साध्या वाक्यात. पोरांनीच करायची. "द रिव्हर वॉज स्लो." "द स्काय वॉज हॉट अँड ब्राइट."

मग विचारा, काय गेलं? आमच्याकडं उत्तर आलं, "मॅडम, स्लो म्हटलं की नुसतं हळू. पाय ओढत म्हटलं की म्हातारं माणूस दिसतंय." दुसऱ्या एकीनं सांगितलं, "शेतकऱ्याची टाच म्हटल्यामुळं पाणी नाही हे पण कळतं आणि शेतकऱ्याचे हाल पण कळतात." हे वहीत लिहून घ्या, त्यांच्याच शब्दात, मराठीत का असेना. परीक्षेत कारण लिहायचं असतं ते हेच, गाईडात ह्याच्या जागी "द पोएट हॅज युज्ड ब्युटिफुल लँग्वेज" असलं काहीतरी असतं, ज्याला काही अर्थ नाही.

हा टप्पा मी बरीच वर्षं गाळत होते. वेळ नाही म्हणून. आता वाटतं बाकी सगळं गाळलं तरी हा ठेवावा.

टप्पा ५: मराठीच्या तासाशी सांधा जोडा (१५ मिनिटं)

ह्याच पोरांना शेजारच्या तासाला मराठीचे सर उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द शिकवतात आणि आपण इंग्रजीत शून्यापासून सुरू करतो, केवढा फुकटचा त्रास. मराठीच्या शिक्षकांना आधी विचारा कुठले अलंकार झालेत.

तिसरी ओळ मराठीच्या पद्धतीनं सोडवा. उपमेय नदीचे काठ, उपमान शेतकऱ्याची टाच, साधारण धर्म भेगा, साम्यवाचक शब्द लाइक. साधारण धर्म हा मुद्दा सगळ्यात कामाचा. इंग्रजीच्या उत्तरात पोरं दोन गोष्टी लिहितात आणि त्यांच्यात सारखं काय ते लिहीत नाहीत, मार्क तिथंच जातो.

पण जोड सगळीकडं बसत नाही, हे पण तेव्हाच सांगून टाका:

मराठीत जणू, गमे, भासे आलं की उत्प्रेक्षा. इंग्रजीत ॲज इफ आलं तरी ते सिमिलीतच धरतात, वेगळी खोली नाही.

मराठीतल्या अनुप्रासात अक्षर शब्दात कुठंही पुन्हा आलं तरी चालतं. अलिटरेशनला शब्दाच्या सुरुवातीचा आवाज बघायचा.

चेतनगुणोक्तीत निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते, माणूस असो की जनावर. पर्सोनिफिकेशनला माणसाचा गुण लागतो. मोटर गुरगुरली म्हटलं तर मराठीत चेतनगुणोक्ती बसेल, इंग्रजीत मात्र ते मेटाफरकडं झुकतं.

टप्पा ६: आता नाव सांगा, आणि नेहमीच्या चुका फोडा (चौथा तास)

ज्या ओळी समजल्यात त्यांना नाव द्या. दोनच द्या. बाकीचे पुढच्या कवितेला. नाव सांगितल्याबरोबर त्याच तासाला चुकीची उदाहरणं पण द्या, नाहीतर पोरं खुणेचा शब्द बघून शिक्का मारतात.

*सिमिली.* सगळ्यात जास्त घाण इथं होते. आपणच सांगितलेलं असतं, लाइक किंवा ॲज दिसला की सिमिली. मग "आय लाइक जिलेबी" पण सिमिली होते. त्यात व्याकरणाच्या तासाला डिग्री (तुलनेची रूपं) शिकवताना ॲज टॉल ॲज घोकून घेतलेलं असतं. "राम इज ॲज टॉल ॲज श्याम" ही सिमिली नाही, दोन पोरांची उंची मोजली फक्त. "राम इज ॲज टॉल ॲज अ शुगरकेन" म्हटलं की सिमिली झाली, कारण पोरगा आणि ऊस ह्या वेगळ्या जातीच्या गोष्टी. तर खूण शब्दाची सांगू नका, प्रश्न द्या: दोन गोष्टी वेगळ्या जातीच्या आहेत का? त्यांच्यात काय सारखं? दोन्हीची उत्तरं आली तरच सिमिली. आणि ॲजचा अर्थ "कारण" किंवा "तेव्हा" लागत असेल तर सोडून द्या. ह्यावर मी १० वाक्यांची चिठ्ठी करते, त्यातली ६ सिमिली नसलेली. मुद्दाम.

*अलिटरेशन.* पोरं अक्षर बघतात, आवाज ऐकत नाहीत. "सिटी कॅट" ला अलिटरेशन म्हणतात कारण दोन्हीकडं सी. इथं आपल्या पोरांच्या हातात एक हत्यार आहे जे इंग्रजी माध्यमवाल्यांना सुचत नाही, देवनागरी. शब्दाचा पहिला आवाज देवनागरीत लिहायला लावा. सिटी स, कॅट क, संपला विषय. किंग आणि कॅट, दोन्ही क, जमलं, स्पेलिंग वेगळं असलं तरी. नाइफ आणि नोज, दोन्ही न, के मुका आहे. शुगर आणि शिप दोन्ही श. आवर आणि हाउस नाही, कारण आवरचा एच बोलतच नाही. फोन आणि फॅन दोन्ही फ.

⚠ दोन ठिकाणी देवनागरी फसवते. व्ही आणि डब्ल्यू दोघांनाही आपण व लिहितो, पण इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज, म्हणून "व्हेरी वेट" अलिटरेशन नाही. झेडचं पण बघा, झू आणि जग एकत्र घालू नका.

राइम स्कीमला, म्हणजे कुठल्या ओळींचं यमक जुळतं ते ए, बी लिहून दाखवायचं त्याला, हाच उपाय. फीट आणि हीट, स्पेलिंग वेगळं, देवनागरीत शेवट तोच, म्हणून दोघांना ए. कम आणि होम, स्पेलिंगचा शेवट सेम पण आवाज वेगळा, जुळत नाही. ओळीचा शेवटचा शब्द समासात देवनागरीत लिहिला की निम्म्या चुका जागेवर थांबतात. फायनल उत्तरात मात्र देवनागरी ठेवायची नाही, ती कच्च्या कामाची.

*पर्सोनिफिकेशन आणि मेटाफर.* ह्यांची सरमिसळ होणारच. नदीनं पाय ओढले, माणसाचं काम केलं, म्हणून पर्सोनिफिकेशन. आभाळ पत्रा झालं, वस्तूची वस्तू झाली, मेटाफर. एवढ्यावर थांबा.

एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपण कृष्णामाई म्हणतो ते पर्सोनिफिकेशन का?" मला पटकन उत्तर देता येईना. नदीची ओटी भरणारी तिची आजी काय अलंकार म्हणून ओटी भरत नाही. शेवटी म्हटलं, पेपरात ओळ आली तर पर्सोनिफिकेशन लिही, आजीला सांगायला जाऊ नको.

*अपॉस्ट्रफी.* समोर नसलेल्याला किंवा निर्जीवाला हाक मारणे. "ओ रेन, कम टु माय फील्ड." पोरं फार्मर्स ह्या शब्दाच्या डोक्यावरचा स्वल्पविरामासारखा टिंब दाखवतात, कारण त्याचं नाव पण तेच. दोन्ही एकत्र फळ्यावर दाखवा म्हणजे गोंधळ हसण्यावारी जातो.

*ऑनोमॅटोपीआ.* आवाजावरून बनलेला शब्द. खळखळ, किरकिर, धडाम सांगा, क्षणात कळतं. अवघड फक्त स्पेलिंग. त्याचे तुकडे करून आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात ठेवा.

टप्पा ७: त्यांच्याकडून लिहून घ्या (पाचवा तास)

विषय द्या, अलंकार देऊ नका. मोटर, आजी, ऊस, एसटी, गणिताचा पेपर. दोन ओळी लिहा, इंग्रजी मोडकं चालेल. आमच्याकडच्या दोन:

"माय ग्रँडमदर्स फिंगर्स आर लाइक ड्राइड टर्मरिक." वाळलेल्या हळकुंडासारखी बोटं. सांगलीच्या मार्केट यार्डात बापाबरोबर हळद घेऊन गेलेलं पोरगंच हे लिहू शकतं.

"अवर मोटर इज अ लेझी सन-इन-लॉ, वेक्स अप ओन्ली ॲट नाइट." लाइट रात्रीची असते म्हणून मोटर रात्रीच चालते, तर ती आळशी जावई. आता हा मेटाफर का पर्सोनिफिकेशन यावर वर्गात दोन पार्ट्या पडल्या. मी दोन्ही मान्य केलं, कारण दोन्ही बाजूंनी कारण नीट दिलं होतं.

शेजाऱ्याची वही घ्यायची, त्यातला अलंकार शोधायचा, कारण लिहायचं. ज्याची ओळ आहे त्यानं तपासायचं. माझं काम फक्त फिरायचं.

⚠ ओळीतलं व्याकरण ह्या तासाला दुरुस्त करू नका. लाल पेन निघालं की पुढच्या वेळी सगळे "द मून इज लाइक अ बॉल" लिहितात.

टप्पा ८: पेपरातलं उत्तर

हे शेवटी, आणि थोडक्यात. आधी घेतलं तर पोरं साचाच पाठ करतात.

उत्तराला चार गोष्टी लागतात: ओळ, अलंकाराचं नाव, कुठल्या दोन गोष्टी, त्यांच्यात सारखं काय. गाईडछाप उत्तर असतं, "सिमिली, बिकॉज द वर्ड लाइक इज युज्ड." त्याऐवजी: "सिमिली. द ड्राय बँक्स आर कम्पेअर्ड टु अ फार्मर्स हील बिकॉज बोथ आर फुल ऑफ क्रॅक्स." पर्सोनिफिकेशनला तिसरा-चौथा मुद्दा असा होतो: कुठली निर्जीव गोष्ट, माणसाचं कुठलं काम. अलिटरेशनला आवाज लिहायचा, "द साउंड पी इज रिपीटेड इन पास्ट, पंप अँड पाइप". लेटर नाही, साउंड.

सिमिलीचं स्पेलिंग त्या दिवशी दहा वेळा लिहून घ्या, नाहीतर स्माइल परत येते.

आणि चाचणीला शिकवलेल्याच ओळी देऊ नका, नवीन द्या. शिकवलेल्या ओळींवर माझ्या वर्गाला नेहमीच छान मार्क पडायचे, त्यामुळंच तर मला इतकी वर्षं पत्ता लागला नाही.

वर्षभर: खडूचा डबा

रिकामा खडूचा डबा टेबलावर. प्रत्येक कवितेचे ८ शब्द चिठ्ठ्यांवर लिहून त्यात. तास संपायला तीन मिनिटं उरली की कुणीतरी एक चिठ्ठी काढायची, शब्द वाचायचा, दोन अर्थ असतील तर दोन्ही सांगायचे आणि वाक्य करायचं. शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं तो शब्द एकदा तरी निघाला पाहिजे, नाही निघाला तर आपणच हळूच वर काढून ठेवायचा. तीन वेगवेगळ्या पोरांना बरोबर आला की चिठ्ठी बाद.

ड्रॅग, क्रॅक्ड दिवाळीच्या आधीच बाद झाले. प्लेट नोव्हेंबरात गेली. बँक जानेवारी उजाडला तरी डब्यातच आहे, परवा चिठ्ठी निघाली तर पोरगं उभं राहून म्हणालं, "मॅडम, कुठली? सोसायटीची का नदीची?" मी चिठ्ठी परत आत टाकली, पण मागं एक बरोबरची खूण करून.